एकाच चाकाचे ब्रेक पॅड पुन्हा पुन्हा संपतात? बिल भरण्याआधी जुने पॅड परत मागा

अडीच वर्षांत माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड तीन वेळा बदलायची वेळ आली. पहिल्या वेळी काही वाटलं नाही. पॅड झिजायचेच, त्यासाठीच ते असतात. दुसऱ्या वेळी पॅडबरोबर दोन्ही डिस्कही (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, ज्यांना पॅड दोन्हीकडून चिमटतात) गेल्या, कारण डाव्या डिस्कवर नख अडकेल इतके खोल चर पडले होते. तिसऱ्या वेळी खर्चाचा अंदाज हातात आला तर त्यात कॅलिपरही, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटाही होता. आकडा दर वेळी आधीपेक्षा मोठा आणि खुलासा दर वेळी तोच: "गाडी गर्दीत फार चालते साहेब, ब्रेक जास्त लागतो."

बरं, ब्रेक जास्त लागतो हे मान्य. पण मग तो दोन्ही चाकांना सारखाच लागायला हवा. एकट्या डाव्या चाकानेच काय घोडं मारलंय?

म्हणून तिसऱ्या वेळी मी मेकॅनिकला सांगितलं की जुने पॅड फेकू नका, मला द्या. आणि कुठला पॅड कुठल्या बाजूचा, आतला की बाहेरचा, ते खडूने लिहून द्या. त्याला ते विचित्र वाटलं, पण दिले. घरी येऊन वर्तमानपत्रावर चारही मांडले आणि पट्टीने मोजले. उजवीकडचे दोन्ही जवळपास ६ मिमी. डावीकडचा बाहेरचा ७ मिमी. आणि डावीकडचा आतला? मसाला, म्हणजे पॅडचा झिजणारा थर, संपून मागचा लोखंडी पत्रा डिस्कला घासत होता. पॅड 'संपले' होते म्हणजे चारातला एक संपला होता. बाकीच्या तिघांचं बरंच आयुष्य शिल्लक होतं आणि मी चारांचे पैसे भरत होतो, तेही तिसऱ्यांदा.

तुमचीही तक्रार 'पॅड टिकत नाहीत' अशी असेल, तर महागडे पॅड शोधायला निघण्याआधी हे चार तुकडे बघा.

जुने पॅड काय सांगतात

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी मसाला असतो. ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते, ती याच सुमारास डिस्कला टेकते आणि किरकिर सुरू होते. ती किरकिर म्हणजे बिघाड नव्हे, ती घंटा आहे. घंटा न ऐकता महिनाभर गाडी चालवली की पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळतो.

बहुतेक गाड्यांत पुढचा कॅलिपर 'तरंगता' असतो. त्याला पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या, एकाच बाजूला, आतल्या अंगाला. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. म्हणजे बाहेरच्या पॅडचं काम पूर्णपणे त्या दोन पिनांच्या भरवशावर. पिना अडकल्या की पिस्टन आतल्या पॅडला दाबत राहतो आणि बाहेरचा बसून तमाशा बघतो. माझ्याकडे नेमकं हेच चाललं होतं.

आतला पॅड जास्त झिजण्याला दुसरंही कारण असतं: पिस्टनच परत फिरत नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. ब्रेक दाबताना ती किंचित पिळली जाते आणि सोडताना मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे खेचते. पॅड आणि डिस्कमधली फट म्हणजे तेवढीच. सील कडक झाली, किंवा धुळीपासून वाचवणारा रबरी बूट फाटून पिस्टनला गंज चढला, की ही केसभर माघार बंद होते आणि पॅड कायम डिस्कला चिकटून राहतो.

उलट, बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपर ब्रेक लागताना सरकतो पण सोडल्यावर परतत नाही असं समजा. संशय पुन्हा पिनांवरच. पॅड तिरका झिजला असेल, म्हणजे एक टोक जाड आणि दुसरं पातळ, तर बहुधा दोनपैकी एकच पिन अडकली आहे, नाहीतर पॅडचे कान (दोन्ही टोकांचे उंचवटे) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, खाचेत रुतले आहेत. या कानांखाली स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. क्लिपेखाली गंज धरला की तो फुगतो, क्लिप वर उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागतो. नवा पॅड ठोकून बसवताना कुणी दिसलं तर तिथेच थांबवा. तो हाताने सरकला पाहिजे. क्लिपा काढून खालची जागा तारेच्या ब्रशने घासणं हे पाच-दहा मिनिटांचं काम, पण घाईत पहिली काट त्यालाच बसते.

चारही पॅड सारखेच, पण भराभर झिजले असतील तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे नंतर येतो.

माझ्या पिनेचं काय झालं होतं

खालची पिन बाहेर काढायलाच पान्याने दम काढला. तिच्या टोकाला असलेली रबरी नळी फुगून घट्ट बसली होती. याआधी कधीतरी कुणीतरी तिथे चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस भरलं होतं. हेतू चांगला, परिणाम उलटा. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं. तिथे सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठी बनवलेलं सिंथेटिक ग्रीसच चालतं, तेही थोडंच, कारण जास्त भरलं की आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. आणखी एक बारीक गोष्ट: काही गाड्यांत दोन्ही पिना एकसारख्या नसतात. एकीला रबर असतं, दुसरी साधी असते. वरचीची खाली बसवली की नव्याने सुरुवात.

इलाज काय झाला? पिनांचा आणि बुटांचा एक छोटा संच, योग्य ग्रीस, क्लिपांखालची सफाई आणि नवे पॅड. कॅलिपर बदलावा लागला नाही. पिस्टन हाताच्या जोराने व्यवस्थित मागे जात होता, त्यावर गंजाचे खड्डे नव्हते, म्हणजे तो दोषी नव्हताच. अंदाजपत्रकातली सगळ्यात मोठी ओळ कॅलिपरची होती, हे सांगायलाच नको.

चाक न उघडता संशय खरा आहे का बघायचा

सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून. गाडी इंजिनने आणि रस्त्याने हळू करत थांबवा. उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या. लावू नका, न्या. डिस्क कित्येकदा शंभर अंशांच्या वर असते आणि त्याची परीक्षा तळहाताने घेऊ नये. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. पुढच्या दोन चाकांत थोडा फरक चालतो. एक कोमट आणि दुसरं भाजणारं असेल तर ते चाक धरून ठेवतंय. मायलेज कमी होणं, जळका वास, एकाच रिमवर काळी भुकटी जास्त जमणं, हे त्याचेच सोबती.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर काहीही करू नका), गिअर न्यूट्रलला ठेवा आणि संशयित चाक हाताने फिरवा. हलकी घासघूस असतेच. पण चाक अर्ध्या फेरीतच थांबत असेल तर ब्रेक सुटलेला नाही.

पुढची पायरी मेकॅनिककडून करून घ्या, कारण तिथे ब्रेक ऑइल बाहेर येतं. चाक जाम असतानाच त्या कॅलिपरची हवा काढायची निपल किंचित सैल करायची. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरचा नाही. दाब लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, कोंडलाय. एकाच चाकाला हा त्रास असेल तर पहिला संशय रबरी होजवर घ्या. होज बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतून त्याचं अस्तर सुजून सुटतं आणि झडपेसारखं वागतं: पेडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परत येताना वाट बंद. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर पिस्टन, पिना किंवा पॅडचे कान.

या एका चाचणीला फार वेळ लागत नाही आणि होजच्या दोषापायी कॅलिपर बदलला जाणं तिच्यामुळे टळतं. असा बदललेला कॅलिपर काही दिवस बरा वाटतो, कारण काम करताना लाइनमधला कोंडलेला दाब सुटलेला असतो. मग तक्रार परत येते आणि मालकाला वाटतं की नवा कॅलिपरही डुप्लिकेट निघाला.

दोन्ही पुढची चाकं सारखीच तापत असतील तर चाकांकडे बघू नका, पेडलकडे बघा. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी. ब्रेक लाइटचा स्विच चुकीचा बसवला असेल तर तो पेडल पूर्ण वर येऊ देत नाही. मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या पंपाचं) परतीचं छिद्र मग उघडत नाही, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातो. स्विच नीट बसवायला जवळपास काहीच खर्च नाही.

चारही सारखे, पण लवकर

इथे खुशाल आपल्या पायाकडे बोट दाखवा. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० वरून थांबताना ब्रेकला ५० वरून थांबण्याच्या चौपट उष्णता पचवावी लागते. पुढे लाल दिवा दिसत असताना शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर दाबायचा आणि मग ब्रेक, ही सवय पॅडचं आयुष्य सहज खाते. घाटात उतरताना खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगून उपयोग होत नाही.

मागचे ब्रेक आळशी असले तरीही पुढचे लवकर झिजतात. एरवीही थांबताना वजन पुढे झुकल्यामुळे साठ ते सत्तर टक्के काम पुढची चाकंच करतात. मागे डिस्कऐवजी ड्रम असेल आणि त्याचा अॅडजस्टर (झीज भरून काढणारा स्क्रू) गंजून बसला असेल, तर पेडल खोल जातं, हँडब्रेक फार वर ओढावा लागतो आणि पुढच्यांवर बोजा वाढतो. उलट, मागचेच पॅड आधी संपणाऱ्या नव्या गाड्याही आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल असली यंत्रणा तुमच्या नकळत मागचे ब्रेक वापरत असते. तिथे चोर शोधू नका. आधी हँडब्रेकची केबल अडकलेली नाही एवढं बघा, मग खुशाल पॅड बदला.

"डिस्क वाकडी झाली"

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क बदलली की थांबतं आणि काही हजार किलोमीटरनंतर परत सुरू होतं. ही दुसरी वारंवार येणारी तक्रार, आणि खिशाला पहिलीपेक्षा जड.

डिस्क क्वचितच वाकते. होतं असं की जुनी डिस्क काढल्यावर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या) तोंडावर गंजाचा पापुद्रा राहतो आणि नवी डिस्क त्याच्यावरच बसवली जाते. मग डिस्क फिरताना अगदी किंचित लचकते. परवानगी साधारण ०.०५ मिमीची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी. पाय ब्रेकवर नसतानाही दर फेरीला तोच ठिपका पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटरमध्ये तिथली जाडी शतांश मिलिमीटरने कमी होते आणि तेवढा फरक हाताला जाणवायला पुरतो. म्हणून नवी डिस्क आधी गुळगुळीत चालते आणि मग 'वाकडी होते'.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येते ना, हे मात्र आधी बघा. एरवीही येत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग तपासा, ब्रेकला हात लावू नका. आणि घसरणीच्या वेळी पेडल पायाखाली खडखडलं तर ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, बिघाड नाही.

उपाय: हबचं तोंड लख्ख घासायचं, डिस्क बसवून डायल गेज लावून लचक मोजायची आणि चाकाचे नट आडवे-तिडवे, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळायचे. हवेच्या बंदुकीने एकामागून एक फर्रकन आवळले की वरची सगळी मेहनत वाया. पंक्चर काढणाऱ्याकडूनही हे होतं. थरथर पंक्चरनंतर काही महिन्यांनी सुरू झाली असेल तर आठवून बघा.

जुनी डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे तासून सपाट करून, घ्यावी का? डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. फेसिंगनंतर त्या आकड्याच्या वर भरपूर माया उरत असेल तर जरूर करा, स्वस्तात काम होतं. जेमतेम उरत असेल तर नको. नवे पॅड अर्धे झिजण्याआधीच डिस्क मापाखाली जाईल आणि मजुरी दोनदा पडेल.

बिलात कुठे हात आखडावा, कुठे नाही

पॅड आणि डिस्क जोडीने बदलतात, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंचे एकत्र. त्याबद्दल वाद घालू नका, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. पुढचे बदलले म्हणून मागचेही बदला, याला मात्र काही आधार नाही. तिथलं माप विचारा. 'संपत आलेत' हे माप नव्हे. मिलिमीटर सांगा म्हणावं, आतल्या पॅडचे वेगळे. रिमच्या फटीतून फक्त बाहेरचा दिसतो आणि माझ्या गाडीत तोच सगळ्यात ठणठणीत होता.

डिस्क बदलायची वेळ जवळ आली असेल तर पॅडबरोबरच उरका. चाक, कॅलिपर, ब्रॅकेट एवढं तर उघडतंच, म्हणून मजुरी जेमतेम वाढते. काही गाड्यांत डिस्क हबच्या मागे किंवा बेअरिंगला जोडलेली असते, तिथे मजुरी खरंच जास्त लागते.

पिना साफ करणं, ग्रीस लावणं, क्लिपांखालचा गंज काढणं हा पॅड बदलण्याचाच भाग आहे. 'ब्रेक सर्व्हिस' नावाने वेगळी ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारा. नुसते पॅड बदलले तर हवा काढायचीही गरज नसते. ती लाइन उघडल्यावर लागते.

ब्रेक ऑइलवर मात्र कंजुषी नको. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हा किमान आकडा १५५ वर येतो. उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि पेडल थेट जमिनीला. शिवाय ते पाणी पिस्टनला आतून गंजवतं, म्हणजे पुढच्या कॅलिपरचा खर्च तिथेच पेरला जातो. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी बदल पुरतो. टाकीतली पातळी मात्र पॅड झिजतात तशी थोडी उतरते. ती वर भरत राहू नका, नाहीतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेला की ऑइल सांडेल आणि बोनेटखालचा रंग उडवेल.

पॅड कुठले घ्यावे? सगळ्यात महाग घ्या असं मी म्हणणार नाही. कित्येक पॅडच्या मागे दोन रोमन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर सामान्य तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई'पेक्षा 'एफ' जास्त, 'एफ'पेक्षा 'जी'. पॅड किती टिकेल हे त्यातून कळत नाही, पण मूळ पॅडवर 'एफएफ' असताना कुणी 'ईई' बसवत असेल तर ती बचत थांबण्याच्या अंतरातून वसूल होते.

मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर पॅड बदलण्याआधी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडला न्यावा लागतो. क्लॅम्पने पिस्टन रेटून मोटर मोडली की तुमचं पॅडचं काम एकदम वेगळ्या आकड्यावर जातं. हे विचारूनच गाडी द्या.

गाडी परत घेताना आधी जागेवरच पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग हलवा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण न थांबता, मधे थोडं थंड होऊ देत. पॅड डिस्कवर सारखे बसतात. गरमागरम असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि 'वाकडी डिस्क' घरबसल्या तयार होते.

माझ्या गाडीने त्यानंतर अठरा हजार किलोमीटर केले. परवा मोजलं: डावा आतला ७ मिमी, बाहेरचा साडेसात. उजवीकडे मात्र या वेळी आतला ६ आणि बाहेरचा ८. त्या बाजूच्या पिना मी तेव्हा काढूनच बघितल्या नव्हत्या. येत्या रविवारी तेच काम आहे.